मेघाखालचें गणित

या सदरास येणारीं पत्रें बहुधा शब्दांच्या व्युत्पत्तीविषयीं, तिथिनिर्णयाविषयीं किंवा मुलांच्या शुद्धलेखनाविषयीं असतात. गेल्या महिन्यांत आलेलें एक पत्र मात्र निराळ्या जातीचें होतें, आणि त्याचें उत्तर दोन ओळींत देण्याजोगें नसल्यामुळें या वेळचा सबंध लेख त्यासच दिला आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदतात. थोरला मुलगा बारावीस शास्त्रशाखेंत आहे. त्याच्या पदार्थविज्ञानाच्या वहींतील एका उदाहरणावरून घरांत वाद माजला. उदाहरण असें: एका बिंदूच्या पश्चिमेस तीन मीटरांवर १२ अब्जांश कूलंबाचा व दक्षिणेस तीन मीटरांवर ५ अब्जांश कूलंबाचा, असे दोन धन विद्युत्प्रभार ठेविले आहेत; तर त्या बिंदूपाशीं विद्युत्क्षेत्र किती? पहिल्या प्रभाराचें क्षेत्र १२ येतें, दुसऱ्याचें ५ येतें, येथवर आजोबा व नातू यांचें एकमत होतें. पुढें नातवानें उत्तर १३ असें लिहिलें, आणि जन्म हिशेबखात्यांत घालविलेल्या आजोबांनीं चष्मा पुसून विचारलें, “बारा आणि पांच सतरा. मधले चार कोणीं खाल्ले?” नातवास सूत्र पाठ होतें, पण चार कोठें गेले हें कांहीं सांगतां येईना.

पत्राच्या शेवटीं, जणू सहज आठवलें म्हणून, दुसरा प्रश्न आहे. धाकटी मुलगी पायाळू आहे. ज्येष्ठ लागला आणि आभाळ भरून आलें कीं तिची आजी तिला ओसरीवरदेखील येऊं देत नाहीं. गेल्या वर्षीं एका प्रवेशपरीक्षेच्या दिवशीं सकाळपासून गडगडत होतें, म्हणून मुलीस घरींच ठेविलें आणि तिचें वर्ष गेलें. “पायाळूवर वीज पडते या समजुतीस कांहीं आधार आहे काय? सासूबाईंचें मन न दुखवितां त्यांना वाचून दाखवितां येईल असें कांहीं लिहावें.”

मला पहिल्यापेक्षां दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. परंतु दुसऱ्याच्या उत्तराची वाट पहिल्यांतूनच जाते, म्हणून आधीं त्या चारांचा शोध घेऊं.

विद्युत्प्रभार दोन जातींचे, धन आणि ऋण. हे शब्द आपल्या गणितांत ब्रह्मगुप्तापासून, म्हणजे इसवी सनाच्या ६२८ पासून, रूढ आहेत, आणि ते आले आहेत सावकारीच्या व्यवहारांतून. सजातीय प्रभार एकमेकांस दूर लोटतात, विजातीय एकमेकांस ओढतात. घांसलेला तृणमणि गवताची काडी ओढतो हें आपल्याकडेही ठाऊक होतें. नांवच तसें आहे. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत मण्याचें चलन आणि सुईचें सरकणें यांचें कारण ‘अदृष्ट’ म्हणून सांगितलें आहे. यावरून आमच्या पूर्वजांस विद्युच्छास्त्र अवगत होतें असें म्हणणारे लोक भेटतात. मला तें पटत नाहीं. कारण दिसत नाहीं हें प्रामाणिकपणें ‘अदृष्ट’ म्हणून नोंदविणें हा कणादाचा मोठेपणा आहे. जें त्यानें म्हटलें नाहीं तें त्याच्या तोंडीं घालण्यानें तो वाढत नाहीं.

हा जोर किती, हें मोजून दाखविलें तें कूलंब नांवाच्या फ्रेंच लष्करी इंजिनियरानें, १७८५ सालीं. त्यानें चांदीच्या अत्यंत बारीक तारेस एक आडवी काडी टांगली, काडीच्या टोकास एक हलकी गोळी बसविली, आणि तिच्याजवळ दुसरी स्थिर गोळी ठेविली. दोहींस सारखाच प्रभार दिल्याबरोबर टांगती गोळी ३६ अंश दूर सरली. मग वरून तारेस पीळ देऊन तिला १८ अंशांपर्यंत मागें आणलें, तेव्हां एकंदर पीळ भरला १४४ अंश. आणखी पिळून साडेआठ अंशांवर आणलें, तेव्हां भरला पांचशें साडेपंचाहत्तर अंश. ३६, १४४, आणि ५७६ ला अर्धा अंश कमी. अंतर निम्में केलें कीं जोर चौपट, पुन्हा सुमारें निम्में केलें कीं पुन्हा चौपट. एका नियमासाठीं इतका थोडका आणि इतका बोलका पुरावा मला दुसरा आठवत नाहीं. आपल्या जुन्या भाषेंत सांगावयाचें तर हें व्यस्त त्रैराशिक आहे, मात्र अंतराचें नव्हे, अंतराच्या वर्गाचें.

तेव्हां रीत अशी: प्रभार कूलंबांत लिहावा, त्यास ९ अब्जांनीं गुणावें, आणि मीटरांतील अंतराच्या वर्गानें भागावें. जें येईल तें त्या ठिकाणचें क्षेत्र. म्हणजे तेथें एक कूलंबाचा धन प्रभार ठेविला असतां त्यावर जितके न्यूटन जोर पडेल तितकें. ५ अब्जांश गुणिलें ९ अब्ज म्हणजे ४५, तीन मीटरांचा वर्ग ९, भागाकार ५. बारांचेंही तसेंच. कूलंब हें मान मात्र राक्षसी आहे. एक एक कूलंबाचे दोन प्रभार एक मीटरावर समोरासमोर ठेवितां आले असते, तर त्यांमधील जोर नऊ लक्ष टनांच्या वजनाइतका झाला असता. म्हणून पुस्तकांतील उदाहरणें अब्जांशांत असतात.

‘क्षेत्र’ हा शब्द मला फार आवडतो. आपलें ‘शेत’ त्यापासूनच झालें. प्रभार कोठें तरी एका जागीं बसलेला असतो, पण त्याचा अंमल सभोंवारच्या सगळ्या जागेवर पसरलेला असतो, आणि त्या जागेंतील प्रत्येक बिंदूस एक आंकडा व एक दिशा चिकटलेली असते. तेथें दुसरा प्रभार येवो वा न येवो, आंकडा व दिशा तेथें आहेतच. ही दृष्टि दिली मायकेल फॅरडेनें. तो मूळचा पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानांतील उमेदवार. गणित त्यास जवळजवळ येत नव्हतें, पण त्याला जागा दिसत होती.

आतां दोन प्रभार असले तर? येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे, आणि ती पाठ्यपुस्तकांत एका वाक्यांत उरकलेली असते. दोन प्रभारांमधील जोर हा तिसरा जवळ आल्यानें बदलत नाहीं. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आम्हां लोकांस हें नवल वाटावें. कारण दोघी जावा माजघरांत बोलत असतां तिसरें माणूस आंत आलें कीं त्यांचें बोलणें बदलतें, हें कोण जाणत नाहीं? प्रभारांचें तसें नाहीं. प्रत्येक जण आपलें क्षेत्र जणू तो एकटाच आहे अशा रीतीनें उत्पन्न करतो, आणि मग त्या सर्वांची बेरीज होते. ह्यास अध्यारोपणाचें तत्त्व म्हणतात. कूलंबाच्या नियमांतून तें तर्कानें निघत नाहीं. सृष्टि तशी आहे असें प्रयोगानें आढळलें, एवढेंच. प्रभार आपापल्या जागीं पक्के असले पाहिजेत, ही अट मात्र आहे. धातूच्या गोळीवर ते मोकळे असले तर दुसरा जवळ येतांच सरकतात, आणि मग नवीन जागा धरून हिशेब मांडावा लागतो.

बेरीज होते हें खरें, पण कोणती? येथें आजोबांच्या चारांचा उलगडा आहे. अंगणांत धान्याचें पोतें आहे. एक भाऊ त्यास पूर्वेकडे बारा बळानें ओढतो, दुसरा उत्तरेकडे पांच बळानें. पोतें पूर्वेस जात नाहीं, उत्तरेस जात नाहीं. तें मधूनच, पूर्वेकडे अधिक झुकून सरकतें. दोघेही पूर्वेकडेच ओढते तर बळ सतरा झालें असतें. समोरासमोर ओढते तर सात उरलें असतें. काटकोनांत ओढतात तेव्हां तेरा. म्हणजे बारा आणि पांच यांची बेरीज सातापासून सतरापर्यंत कोणतीही असूं शकते. ती त्या दोहोंमधील कोनावर अवलंबून आहे. चार कोणीं खाल्ले नाहींत. ते मुळांत एका खात्याचेच नव्हते.

आजोबांस त्यांच्याच भाषेंत सांगावयाचें तर दोन वह्या घालाव्या: एक पूर्व-पश्चिम वही, दुसरी उत्तर-दक्षिण वही. पूर्व ती जमा, पश्चिम ती नांवे. उत्तर जमा, दक्षिण नांवे. पहिल्या प्रभाराचे बारा सगळे पहिल्या वहींत जातात, दुसऱ्याचे पांच सगळे दुसऱ्या वहींत. एका वहीची रक्कम दुसरींत ओढणें हिशेबखात्यांत जितकें निषिद्ध तितकेंच येथें. शेवटीं दोन वह्यांच्या बाक्या भुज व कोटि मानून त्यांचा कर्ण काढावा. बारांचा वर्ग १४४, पांचांचा २५, मिळून १६९, त्याचें मूळ १३. बारा-पांचांची ही जोडी यज्ञवेदीच्या मापनासाठीं बौधायनाच्या शुल्बसूत्रांतही आली आहे, आणि अशा काटकोन त्रिकोणास भास्कराचार्य ‘जात्य’ म्हणतात. ‘लीलावती’ च्या ज्या प्रकरणांत तो येतो त्याचें नांवच क्षेत्रव्यवहार. शब्द एक, अर्थ निराळा. पण गांठ पडली ती मला तरी सुखाची वाटते.

प्रभार तिरकस दिशेस असला तर त्याचें क्षेत्र दोन्ही वह्यांत वांटून लिहावें लागतें: कर्णाशीं भुजाचें जें प्रमाण तितका वांटा पहिलींत, कोटीचें जें प्रमाण तितका दुसरींत. प्रभार दहा असोत कीं शंभर, याहून अधिक कांहीं करावयाचें नसतें. कष्ट वाढतात, विचार वाढत नाहीं. मुलांची चूक होते ती बहुधा एकाच ठिकाणीं: आकृति न काढतां आंकडे ओतण्यांत. दिशा डोळ्यांसमोर नसली म्हणजे धन-ऋणाचें चिन्ह दोनदां लागतें, एकदां प्रभाराच्या जातीसाठीं व एकदां दिशेसाठीं, आणि दोन ऋणें मिळून नको तेथें धन होतें. म्हणून प्रथम प्रत्येक प्रभारासाठीं बाण काढावा; धन असेल तर त्याच्यापासून दूर जाणारा, ऋण असेल तर त्याच्याकडे जाणारा. मग आंकडा निव्वळ परिमाणाचा घ्यावा. चिन्हाचें काम बाणानें एकदांच करावें.

आतां घराबाहेर पडूं, कारण ह्या बेरजेची खरी गंमत आणि खरी भीति आभाळांत आहे.

गडगडाटी मेघांत प्रभार कसे मांडलेले असतात, याविषयीं गेल्या शतकाच्या आरंभीं दोन थोर माणसांत पुष्कळ वर्षें मतभेद होता. सी. टी. आर. विल्सन यांचें म्हणणें, वर धन व खालीं ऋण. पुढें १९२७ सालीं ज्यांना दुसऱ्या एका शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें तेच हे विल्सन. जॉर्ज सिम्प्सन हे आपल्या हवामानखात्यांत सिमल्यास होते. तेथील पावसाच्या थेंबांवरील प्रभार मोजून त्यांनीं १९०९ सालीं निबंध प्रसिद्ध केला. पाऊस पुष्कळसा धन प्रभार घेऊन येतो असें त्यांस दिसलें, तेव्हां त्यांच्या मतें धन खालींच असलें पाहिजे. शेवटीं १९३७ सालीं सिम्प्सन व स्क्रेस यांनीं इंग्लंडांत मेघांमध्यें फुगे सोडून आंतलें क्षेत्र नोंदविलें, तेव्हां दोघांच्याही पदरांत कांहीं पडलें: वर मोठा धन, मध्यें मोठा ऋण, आणि अगदीं तळाशीं एक लहानसा धन प्रभार.

नमुन्यासाठीं शास्त्रीय ग्रंथांत घेतात तेच आंकडे घेऊं. जमिनीपासून १२ किलोमीटरांवर धन ४० कूलंब, ७ किलोमीटरांवर ऋण ४० कूलंब, आणि २ किलोमीटरांवर धन ३ कूलंब. तिन्ही एका ओळंब्यांत. मेघांतील प्रभार हा बिंदु नव्हे, कोसभर पसरलेला ढग आहे, हें खरें. पण गोलाकार व सर्व बाजूंनीं सारखा पसरलेला प्रभार बाहेरच्या माणसास मध्यबिंदूंत सांठविल्यासारखाच वाटतो, म्हणून पहिल्या अदमासास बिंदु धरण्यास हरकत नाहीं.

एक गोष्ट मात्र हिशेबांत घ्यावी लागते. जमीन विद्युद्वाहक आहे. वर धन आला कीं खालून ऋण पृष्ठाशीं गोळा होतो. त्याचा परिणाम कसा मोजावा? विल्यम टॉमसन, म्हणजे पुढें लॉर्ड केल्विन या नांवानें प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनीं १८४० ते १८५० च्या दरम्यान एक सुंदर युक्ति काढली. जमीन आरसा आहे असें समजावें. वरील प्रत्येक प्रभाराचें प्रतिबिंब तितक्याच खोलीवर उलट्या जातीचें आहे असें मानावें, आणि जमीन विसरून जावें. मग पृष्ठावरील कोणत्याही बिंदूपाशीं मूळ व प्रतिबिंब यांचे आडवे वांटे परस्परांस खोडून काढतात, उभे वांटे दुप्पट होतात. म्हणजे येथें पूर्व-पश्चिम वही आपोआप मिटते आणि एकच वही उरते, वर-खालची.

किलोमीटरांत अंतर घेतल्यास ९ अब्जांच्या जागीं ९००० येतात, आणि आरशामुळें दुप्पट म्हणजे १८,०००. मेघाच्या अगदीं खालीं उभे राहून मोजूं. वरच्या धनाचें क्षेत्र: ४० गुणिलें १८,००० भागिलें १४४, म्हणजे ५,०००, खालच्या दिशेनें. मधल्या ऋणाचें: तेच भागिलें ४९, म्हणजे सुमारें १४,७००, वरच्या दिशेनें. तळच्या तीन कूलंबांचें: ३ गुणिलें १८,००० भागिलें ४, म्हणजे १३,५००, खालच्या दिशेनें. चाळीसांच्या तोडीस तीन उभे राहिले, केवळ जवळ आहेत म्हणून! तिघांची निव्वळ बेरीज करील त्यास ३३,२०० दिसतील. दिशेसह बेरीज अवघी ३,८००, खालच्या दिशेनें.

आतां तेथून पांच किलोमीटर दूर जाऊं. वरच्या धनाशीं होणारा त्रिकोण ५, १२, १३ असाच येतो. क्षेत्र ४० गुणिलें १८,००० भागिलें १६९, म्हणजे ४,२६०; त्याचा उभा वांटा तेरांतील बारा, म्हणजे ३,९३०. मधल्या ऋणासाठीं कर्णाचा वर्ग ७४. त्याचा उभा वांटा येतो ७,९२०, वरच्या दिशेनें. तळच्या तीन कूलंबांचा उभा वांटा ६९० च उरतो. दूर गेल्याबरोबर त्यांचा सारा ताठा उतरला. बेरीज ३,३००, आणि दिशा वरची. त्याच मेघाचें क्षेत्र पांच किलोमीटरांत उलटें झालें. आणखी पुढें, सोळा किलोमीटरांवर जा. त्रिकोण १२, १६, २०. तेथें पुन्हा खालच्या दिशेनें १६० उरतें. स्वच्छ हवेच्या दिवशीं जमिनीजवळ जें शंभर-दीडशें असतें त्याच्याच जवळपास.

मधे दिशा उलटली म्हणजे कोठें तरी शून्य झालें असलें पाहिजे. हिशेब केला तर पहिलें शून्य केंद्रापासून एक किलोमीटरापेक्षां किंचित् पुढें येतें आणि दुसरें सुमारें साडेबारा किलोमीटरांवर. पहिल्या ठिकाणीं उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोक्यावर धन-ऋण मिळून ८३ कूलंब तरंगत आहेत, त्याच्या हातांतील यंत्र शून्य दाखवितें, आणि तो म्हणतो, आतां भय नाहीं! क्षेत्र शून्य असणें आणि प्रभार नसणें या दोन गोष्टी एक नव्हेत. खात्यांत बाकी शून्य दिसली म्हणून देवघेव झाली नाहीं असें कोणता हिशेबनीस म्हणेल? आणि ती बाकी क्षणांत बदलते. मधल्या ऋणापैकीं वीस कूलंब एका विजेनें जमिनीवर उतरले असें धरा. मेघाच्या अगदीं खालचे ३,८०० डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों ११,००० च्या वर जातात.

आतां पायाळूचा प्रश्न. वरील सगळ्या गणितांत तीनच गोष्टी आल्या: प्रभार किती, अंतर किती, दिशा कोणती. माणूस जन्मतांना त्याचें डोकें आधीं आलें कीं पाय, हें लिहावयास या वहींत स्तंभच नाहीं. मेघांतून खालीं येणारी विजेची वाट जमिनीपासून शे-पन्नास मीटरांवर येईपर्यंत कोठें पडावयाचें हें ठरलेलें नसतें. मग त्या टप्प्यांत जें उंच, टोंकदार व एकटें असेल तिकडे ती बहुधा वळते. टोंकापाशीं क्षेत्र एकवटतें. शेताच्या मध्यभागीं उभें असलेलें आंब्याचें झाड, माळावरचा मनुष्य, डोक्यावर धरलेली लोखंडी दांड्याची छत्री, पाण्यांत उभा असलेला भाताचा लावणकरी, यांचा जन्म कसा झाला हें ती विचारीत नाहीं.

वीज पडून आपल्या देशांत दरवर्षीं दोन हजारांहून अधिक माणसें मरतात, आणि त्यांत शेतांत राबणारे पुष्कळ असतात. समजूत निरुपद्रवी असती तर मीं तिच्याविषयीं कांहीं लिहिलें नसतें. पण तिचा अपाय दुहेरी आहे. पायाळू मुलीचें वर्ष जातें, हा एक. दुसरा अधिक वाईट: घरांत कोणी पायाळू नसेल, किंवा जो आहे त्यास आंत कोंडला असेल, तर बाकीचे निर्धास्त होतात. मुलें पावसांत आंबे वेंचावयास झाडाखालीं धांवतात, गडी गुरें घेऊन माळावर थांबतो, आणि कोणास कांहीं वाटत नाहीं.

म्हणून आजींस माझें नम्रपणें सांगणें असें. गडगडाट असतां मुलीस घरांत घेणें, ओसरीवरदेखील न येऊं देणें, हें आपण अगदीं योग्य केलें. ओसरी उघडी असते. पक्क्या भिंतींच्या आंतली खोली तिच्याहून पुष्कळ बरी. फक्त हा नियम एकटीपुरता ठेवूं नये. नातवासही आंत घ्यावें, आजोबांस घ्यावें, गड्यास तर आधीं हांक मारावी. आणि जेथें जाणें टळत नाहीं तेथें पत्र्याचें छत असलेल्या बंद मोटारींतून, खिडक्या लावून, धातूस हात न लावतां पाठवावें. प्रभार धातूच्या बाहेरच्या अंगानें निघून जातो. अशा गाडींत पायाळू मुलगीही परीक्षेस जाऊं शकते.

वीज किती दूर आहे हें घरच्या घरीं काढतां येतें. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावे आणि तीनांनीं भागावें; तितके किलोमीटर. तीस सेकंदांच्या आंत आवाज आला तर आंत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊं नये. आभाळ डोक्यावर स्वच्छ आहे ही सबब चालत नाहीं, कारण मेघाच्या कडेपासून दूरवरही वीज पडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें ‘दामिनी’ नांवाची सोय मोबाइलवर केली आहे. ती जवळपासच्या विजांची सूचना देते. घरांतील एका तरी मोबाइलवर ती असावी, आणि सुगीच्या दिवसांत गड्याच्या मोबाइलवर असावी.

विजेनें मेघांतील किती प्रभार गेला हेंही याच बेरजेच्या विलोम रीतीनें काढतात. चार निरनिराळ्या ठिकाणीं क्षेत्रांत एकदम किती फरक पडला तें नोंदवावयाचें, अज्ञात राशि चार, म्हणजे प्रभार, उंची आणि जमिनीवरील दोन अंतरें, समीकरणें चार. बारावीच्या विद्यार्थ्यास तें जड जाईल, म्हणून त्याच्यासाठीं सोपें उदाहरण देतों. वरचाच मेघ घ्यावा आणि केंद्रापासून ९ किलोमीटरांवर जमिनीशीं क्षेत्र किती व कोणत्या दिशेस तें काढावें. वरच्या धनाचा त्रिकोण ९, १२, १५ असा सुटसुटीत येईल. बाकीच्या दोहोंसाठीं वर्गमुळें काढावीं लागतील. आकृति आधीं काढावी. वहीची तपासणी आजोबांनीं करावी, आणि उत्तर त्यांच्या सहीनिशीं पाठवावें.